किल्लारीचा ‘वर्धापनदिन’ आणि धसका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या (३० सप्टेंबर) अंकातलं किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपावरचं पान वाचलं. छपाई सुरेख, फोटो मोठे. पण मथळ्यात ‘भूकंपाचा वर्धापनदिन’! वर्धापनदिन पतसंस्थेचा असतो, नाट्यमंडळाचा असतो, आपल्या दैनिकाचाही असतो आणि त्या दिवशी पेढे वाटतात. ज्या पहाटे हजारो माणसं झोपेतच गाडली गेली, तिचा स्मृतिदिन असतो. आपल्या कचेरीत मुद्रितशोधक हे पद अजून शिल्लक असेल तर त्यांच्या कानावर घालावं.

हे शब्दाचं झालं. खरं दुखणं पुढे आहे. मुख्य बातमीत ‘काळ हेच औषध ठरले, लोक सारे विसरून पुढे गेले’ असं वाक्य आहे. त्याला लागूनच एका आजींचा डोळे पुसतानाचा चार कॉलमी फोटो आणि खाली ओळ, ‘आठवणी सांगताना बांध फुटला’. सारं विसरलं होतं तर बांध कशाचा फुटला, हे एकदा ठरवून घ्या. फोटोखालचा व्हिडिओही पाहिला. आजी बोलता बोलता थांबतात, पदराचं टोक बोटाला गुंडाळतात, दाराकडे बघतात. बातमीदार विचारतो, “अजून काय आठवतं? घरातलं कोण कोण गेलं?” आजी पुन्हा गप्प. पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्यांदा त्या सांगतात, रडतात, “धन्यवाद आजी” होतं आणि कॅमेरा बंद. बातमीदार गाडीत बसला असेल. आजींनी त्या रात्री काय केलं असेल, हा प्रश्न कुणाला पडलेला दिसत नाही. वाक्य अर्धवट टाकून माणूस दाराकडे बघायला लागला, की तिथं विचारणं थांबवायचं असतं, एवढी साधी खूण त्या बातमीदाराला कुणीतरी सांगायला हवी होती.

त्यावर कडी म्हणजे ‘तज्ज्ञ सांगतात’ ही चौकट. तज्ज्ञांचं नाव नाही, ते बरंच झालं. आपत्तीनंतर लवकरात लवकर प्रत्येकाला घडलेलं सगळं बोलायला लावा, मन मोकळं झालं की आघात उरत नाही, असा तिचा सल्ला. हा सल्ला बाद होऊन वीस वर्षांवर काळ लोटला. घटनेनंतर काही दिवसांत एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेतून पसरली. पुढे तिच्या चाचण्या झाल्या तेव्हा तिनं नंतरचा विकार टळत नाही असं दिसलं. भाजलेल्या रुग्णांवरच्या १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत तर उलटंच निघालं. अशी बैठक घेतलेल्यांपैकी २६ टक्क्यांना तेरा महिन्यांनी आघातोत्तर ताणविकार (प्रसंग सरूनही त्याचा ताण न सरण्याचा आजार, इंग्रजीत पीटीएसडी) होता, न घेतलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. जागतिक आरोग्य संघटनाही आज ही पद्धत वापरू नका असंच सांगते.

मग पहिल्या आठवड्यात करायचं काय? पाहा, ऐका, जोडून द्या. पाहा म्हणजे कोण जखमी आहे, कोण एकटं बसलंय, कोणाच्या कडेवरचं मूल स्वतःचं नाही. ऐका म्हणजे तो सांगेल तेवढंच ऐका. खोदून विचारायचं नाही, त्याला गप्प बसायचं असेल तर शेजारी गप्प बसायचं. जोडून द्या म्हणजे हरवलेल्या नातेवाइकाची खरी माहिती, पाणी, पांघरूण, औषधं, पंचनामा कुठं चाललाय त्याचा पत्ता. “रडू नको”, “नशिबात होतं”, “तुझा एक तरी वाचला ना” ही तीन वाक्यं तोंडातून काढायची नाहीत. बायांना आयती पाकिटं देत राहण्यापेक्षा चूल आणि शिधा लवकर मिळाला तर बरं, कारण हाताला रोजचं काम लागलं की दिवसाला आकार येतो. मुलांची शाळा झाडाखाली का होईना, पण रोज ठरल्या वेळी भरली पाहिजे.

आणि मग महिन्याभरानं परत जायचं. घोडं पेंड खातं ते इथंच. शिबिरं पहिल्या आठवड्यात होतात, बॅनरसकट. सहाव्या आठवड्यात तिकडे कुणी फिरकत नाही. वास्तविक पहिले काही आठवडे झोप न लागणं, दचकणं, तेच डोळ्यांपुढे येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. जागतिक आकडे सांगतात की भयंकर प्रसंगातून गेलेल्यांपैकी विकार जडतो तो ५.६ टक्क्यांना. म्हणजे ‘गावच्या गाव मनोरुग्ण’ हेही खोटं आणि ‘सारे विसरले’ हेही. महिना उलटूनही वाईट स्वप्नं पडताहेत, त्या जागेचं नाव काढलं तरी माणूस उठून जातो, भांडं पडलं तरी थरथरतो, शेतावर जाणं सुटलंय, बाटली जवळ केलीय, असा जो दिसेल त्याला हुडकायचं असतं. लहान मूल तोंडानं सांगत नाही. ते पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं, आईचा पदर सोडत नाही, मातीत बाहुली पुरून परत उकरण्याचा एकच खेळ दिवसभर खेळतं. मरणाची भाषा कुणी बोलत असेल तर महिन्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हालचाल करायची.

आपल्या मराठीत याला फार नेमका शब्द आहे : धसका. भीती वाटते आणि जाते, धसका बसतो. तो का बसतो ते किल्लारीच्याच घरांवरून सांगता येईल. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं जड माळवद. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन उरकून लोक झोपलेले. ३ वाजून ५६ मिनिटांनी घर अंगावर आलं. मेंदू अशा वेळी जी नोंद करतो ती तारीख-वार घालून करत नाही. गडगड, धुळीचा वास, काळोख, छातीवरचं वजन हे सुटं सुटं साठतं. मग वर्षांनंतर रस्त्यानं भरलेला ट्रक गेला, फडताळातली भांडी किणकिणली, की विचार करायच्या आत छाती धडधडते, तळहात ओले होतात. त्या माणसाच्या लेखी भूकंप १९९३ मध्ये झालेला नसतो, आत्ता होत असतो. त्यातून त्या भागात सौम्य धक्के अजूनही अधूनमधून जाणवतात. आणि हा स्मृतिदिन वर्षातून दोनदा येतो, एकदा तारखेनं, एकदा तिथीनं. विसर्जनाचे ताशे वाजायला लागले की एखाद्याची झोप उडते, ती डीजेच्या आवाजानंच उडते असं नाही.

धसका टिकतो तो मात्र टाळण्यामुळे. रात्री घरात जीव घाबरला, माणूस बाज उचलून अंगणात आला, दोन मिनिटांत धडधड थांबली. मेंदू हिशेब करतो : वाचलो तो बाहेर आलो म्हणून. दुसऱ्या रात्री भीती आणखी लवकर येते. असं वर्षभर चाललं की घर खायला उठतं. यात काळ हे औषध नसतं, खतपाणी असतं.

उपचार या हिशेबालाच हात घालतो. आधी घर खरंच भक्कम आहे ना, ते बघायचं. भिंतीला तडा असेल तर त्या माणसाची भीती बरोबर आहे. त्याला समुपदेशक नको, अभियंता हवा. घर पक्कं असेल तर पायऱ्या ठरवायच्या. दिवसा, दार उघडं ठेवून उंबऱ्याशी बसणं, मग आतल्या भिंतीला टेकून, मग दार लोटून, मग दिवा लावून आडवं होणं, शेवटी अंधारात. भीतीला शंभरपैकी गुण द्यायला सांगायचे आणि ते निम्म्यावर येईपर्यंत तिथून उठायचं नाही; अर्धा तास लागेल, पाऊण तास लागेल. रोज तेच, कंटाळा येईपर्यंत. बिघडतं कुठं? भीती ऐन शिगेला असताना घरचे दया येऊन बाहेर काढतात, तिथं. किंवा माणूस बसतो खरा, पण पायात चपला, एक हात कडीवर. म्हणजे मेंदूच्या लेखी तो बाहेरच असतो. किंवा दोन घोट घेऊन बसतो, मग शिकलेलं टिकत नाही.

“मग उपचारातही बोलायलाच लावता ना?” असं आपले तज्ज्ञ विचारतील. लावतात. पण साधारण आठ ते पंधरा बैठका, दीड-दीड तासाच्या, एकाच उपचारकापुढे, रुग्णाच्या मर्जीनं. तोच प्रसंग वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा, पहिल्या वेळी गाळलेला भाग पाचव्या वेळी येईपर्यंत. त्याचं ध्वनिमुद्रण घरी रोज ऐकायचं. आणि प्रत्येक बैठकीत शेवटचा वेळ सांगणारा शांत होण्यासाठी राखून ठेवलेला. आपल्या व्हिडिओत नेमका तेवढाच वेळ कापला गेला.

चौकटीतला आणखी एक मुद्दा, ‘डॉक्टरांकडून झोपेची सौम्य गोळी घ्यावी’. डायझेपाम, अल्प्राझोलाम या जातीच्या गोळ्या पहिल्या महिन्यात अशा ताणासाठी देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्येच सांगितलं आहे. त्यांनी धसका जात नाही, सवय मात्र लागते.

पुनर्वसनाबद्दल आपण ‘आखीव-रेखीव नवी गावे’ म्हणून पाठ थोपटली आहे. ५२ गावं नव्या जागी बसली, घरं भूकंपरोधक झाली, मान्य. पण रुंद रस्ते आणि चौकोनी ओळी आखताना जुनी गल्ली मोडली. कोणाच्या ओट्यावर कोण बसायचं, रात्री ओरडलं तर कोण धावून यायचं, हे नकाशात नव्हतं. प्रसंगानंतर माणसाला कुणाचा आधार मिळतो यावर तो किती सावरेल हे बरंचसं ठरतं. प्लॉट लॉटरीनं वाटताना हे डोक्यात ठेवलं तर खर्च एक पैसा वाढत नाही. पुढच्या दरडग्रस्त गावाचं पुनर्वसन कराल तेव्हा शेजारी शेजाऱ्यालाच राहू द्या, असं आपल्या अग्रलेखात लिहिता आलं असतं. त्याऐवजी कालचा अग्रलेख खेळपट्टीवर होता.

खेळावरून आठवलं. त्याच अंकात क्रीडापानावर ‘पराभवाच्या ट्रॉमातून संघ बाहेर’ असा मथळा आहे. संघाला वाईट वाटलं असेल. धसका नाही बसला. आणि महामार्गावरचं ‘ट्रॉमा केअर सेंटर’ हाडं जोडतं, हेही वाचकांना एकदा सांगा. बरेच जण मनाचं काही असेल म्हणून तिथं पोचतात आणि परत येतात.

शेवटी एक विनंती. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आपण छापलात त्याबद्दल आभार. तो चौकोन बाराव्या पानावर, ‘वशीकरण, गृहक्लेश, २४ तासांत गुण’ या जाहिरातीच्या खाली, तिच्यापेक्षा निम्म्या टायपात आला आहे. पुढच्या खेपेला तो आजींच्या फोटोशेजारी घ्यावा. फोटो दोन कॉलमी केला तर जागा होते.

आपली,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक (मनोविकारशास्त्र विभाग), सोलापूर
(नाव छापू नये)