रेषा खाली आली, पण कशामुळे?

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख पाहिला. ऑलिगोमायसिन हे औषध टाकल्याबरोबर पर्सिव्हल-एचआरची, म्हणजे पेशीतली ऊर्जा चमकून दाखवणाऱ्या प्रथिन-सेन्सरची, रेषा घसरली आणि तू हरखून गेलीस. साहजिकच आहे. आमच्या वेळी एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, मोजायचं म्हणजे पेशी फोडायच्या, काजव्याचं ल्युसिफरेज घालायचं आणि किती उजेड पडतो ते बघायचं. हाती यायची ती फोडलेल्या पेशींची सरासरी. तुला एकच पेशी जिवंतपणी दिसते आहे, याचा मला हेवा वाटतो. तरी त्या रेषेवर इतक्यात विश्वास टाकू नकोस.

एक तर हा सेन्सर एटीपीचं प्रमाण सांगत नाही, एटीपी आणि एडीपी (खर्च झालेलं एटीपी) यांचं गुणोत्तर सांगतो. त्यातलं जीएलएनके1 हे प्रथिन एका उष्णताप्रिय आर्कियाचं, म्हणजे जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या सूक्ष्मजीवाचं. त्यावरच्या एकाच जागेसाठी एटीपी आणि एडीपी दोघेही भांडतात. एटीपी बसला की प्रथिनाचा एक पट्टा मिटतो आणि त्याला जोडलेल्या फ्लुरोसंट प्रथिनाचा रंगपट सरकतो. म्हणून तर तुम्ही दोन तरंगलांबींचा प्रकाश आलटून पालटून टाकता. तेव्हा आलेखाच्या उभ्या अक्षावर नुसतं ‘एटीपी’ लिहिलंयस, ते आधी खोड.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे फ्लुरोसंट प्रथिन पीएचला फार हळवं आहे. ऑलिगोमायसिनने मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातलं) एटीपी बनवणारं एटीपी सिंथेज बंद पडलं की पेशी ग्लायकोलिसिस, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाबाहेर ग्लुकोज फोडणं, वाढवते, लॅक्टेट साचतं, सायटोसोल (पेशीतला द्रव) थोडा आम्ल होतो. आम्लता वाढली की सेन्सरची रेषा खालीच येते, अगदी गुणोत्तर घटल्यासारखी! मग तुला दिसलं ते ऊर्जेचं घटणं की आम्लतेचं वाढणं? नुसत्या या आलेखावरून कुणालाच सांगता येणार नाही, तुझ्या गाइडलासुद्धा.

यावर उपाय तयार आहे. त्याच पेशींत पीएचरेड हा पीएच दाखवणारा लाल सेन्सरही घाल. अमोनियम क्लोराइडने पीएच मुद्दाम हलव, पर्सिव्हल त्याबरोबर किती हलतो ते टिपून ठेव आणि तेवढं वजा कर. काम कंटाळवाणं आहे, पण 2013 साली टंटामा, येलेन मंडळींनी हा सुधारित सेन्सर मांडला तेव्हा त्यांनीही पीएचची ही दुरुस्ती केलीच होती.

आणि माध्यमात ग्लुकोज किती होतं? तू लिहिलेलं नाहीस. 25 मिलिमोलर असेल तर कर्करोगाच्या बऱ्याचशा पेशी ऑलिगोमायसिनला फारशी दाद देत नाहीत, ग्लायकोलिसिसवर निभावून नेतात. तशा माध्यमात इतकी मोठी घसरण दिसली असेल तर माझा संशय आणखी वाढतो. ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज देऊन बघ. तेव्हा त्यांना मायटोकॉन्ड्रियावाचून गत्यंतर नसतं.

लेझर मात्र जपून वापर. मघाच्या चित्रात शेवटी शेवटी कडेच्या पेशी फुगलेल्या दिसल्या, औषध न दिलेल्या डिशमध्येसुद्धा.

पुढच्या आलेखात पीएचची रेषा शेजारीच काढून पाठव.

तुझी,
आई