समाधानाच्या सर्वेक्षणात कंत्राटी कामगार कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एमबीएच्या प्रवेशाचे दिवस आले की व्यवस्थापन शिक्षणाची चर्चा पॅकेज आणि प्लेसमेंट यांभोवतीच होते. या संस्थांमध्ये संशोधन म्हणून जे चालते, त्याविषयी क्वचितच कोणी लिहिते, म्हणून हा पत्रप्रपंच. पिंपरी-चिंचवड परिसरातील कारखान्यांत कार्मिक विभागात उमेदीची वर्षे घालवल्यावर आता मी विद्यार्थ्यांच्या समर प्रोजेक्टना मार्गदर्शन करतो. ‘कर्मचारी समाधान’ हा त्यांच्या आवडीचा विषय. ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत पाच रकाने, शंभर जणांचा नमुना आणि बहुसंख्य कर्मचारी समाधानी असल्याचा निष्कर्ष, असे त्याचे ठरलेले रूप असते. त्या शंभरांत कोण होते, हे तोंडी परीक्षेतही सहसा विचारले जात नाही.

याचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण नोकरीत असताना अशा प्रश्नावल्या मीच वाटल्या आहेत. विद्यार्थी एचआरकडे, म्हणजे कार्मिक विभागाकडे येतो, एचआर कागद सुपरवायझरकडे देते आणि सुपरवायझर ते आपल्या समोरच भरून घेतो. एकदा एका ट्रेनी मुलाने मला विचारले, “साहेब, यावर नाव लिहायचं का?” नको म्हटल्यावरही त्याने खालपर्यंत एकाच रकान्यात खुणा केल्या. ठेकेदाराच्या माणसांना तर कागद मिळालाच नाही, कारण ती आमच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर नव्हती. त्या प्रोजेक्टमध्ये आमचा कारखाना समाधानी ठरला आणि त्यावर सही-शिक्का मी दिला. ती माझी चूक होती आणि तिची खंत आजही वाटते.

औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकाला ‘ब्रेक’ या शब्दाचा अर्थ माहीत आहे. औद्योगिक विवाद कायद्यात सलग सेवेसाठी, म्हणजे नोकरीचे संरक्षण मिळण्यासाठी, वर्षाला २४० दिवसांची अट होती आणि ते दिवस भरण्याआधी, म्हणजे साधारण सातव्या महिन्यात, कंत्राटी मुलाला घरी पाठवण्याची पद्धत त्यातूनच रुळली. आता दुसरी बाजू पाहा. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल, म्हणजे बीआरएसआर, बंधनकारक केला. हे पाऊल मला मनापासून मोलाचे वाटते. त्यात कायम आणि कायम नसलेल्या मनुष्यबळाची संख्या वेगवेगळी द्यावी लागते आणि विमा, प्रसूती लाभ यांसारख्या सोयी कोणाला मिळतात हेही सांगावे लागते. मात्र नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण केवळ कायम कर्मचारी व कामगारांपुरतेच विचारलेले आहे. सातव्या महिन्यात बाहेर पडलेला मुलगा त्या टक्केवारीत कुठेच नसतो. प्रश्नावलीत तो नव्हता आणि अहवालाच्या या रकान्यातही तो नाही. संशोधकाने नेमके इथेच उभे राहायला हवे.

जबाबदार उद्योगाविषयीचे पुष्कळसे लेखन मात्र सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, खर्चापाशीच अडकले आहे. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. केवळ आपल्याच कर्मचाऱ्यांच्या उपयोगाचा खर्च यात धरला जात नाही आणि ते योग्यच आहे, कारण कामगाराची काळजी घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे, त्याला दानधर्म म्हणता येणार नाही. पण त्यामुळेच, गावच्या शाळेला बाके देणारी कंपनी आपल्या दारातल्या कंत्राटी माणसाशी कशी वागते, हे सीएसआरच्या आकड्यांतून कधीच कळणार नाही.

आपल्याकडे याहून चांगले काम झालेले आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग येऊनही अपेक्षित उत्पादन निघेना, तेव्हा १९५३ मध्ये मानवी संबंधांवर संशोधन करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी प्रत्यक्ष मागशाळेत काम कसे चालते याचा अभ्यास केला. प्रत्येकाला कामाचा तुकडा वाटून दिलेला होता आणि कापडाची जबाबदारी कोणत्याच एका गटाची नव्हती. ठरावीक माग लहान गटाकडे सोपवण्याची कल्पना पुढे येताच कामगारांनी ती उचलून धरली आणि आपले गट स्वतः बनवले. उत्पादन वाढले, खराब कापडाचे प्रमाण घटले. त्याच शहरात ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत कमला चौधरी गिरण्यांतील मानवी संबंधांचा अभ्यास करत होत्या आणि पुढे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आयआयएम अहमदाबादच्या त्या पहिल्या अध्यापकांपैकी एक झाल्या. भारतातील व्यवस्थापन शिक्षणाची एक मुळी अशी थेट मागशाळेत रुजलेली आहे.

आज ती का सुकली? एक कारण शोधनिबंधांच्या मोजणीत आहे. निबंधांच्या संख्येवर पदवी आणि बढती ठरू लागली आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. संशोधक भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्य नियतकालिकांच्या यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेली १००९ नियतकालिके तपासली, तेव्हा त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात असे आढळले. घाईत भरलेली शंभर प्रश्नपत्रके तिथे सहज खपतात.

आपल्या दैनिकामार्फत विद्यापीठांना माझी विनंती आहे की, समाधानाच्या प्रत्येक प्रकल्पात कायम आणि कंत्राटी माणसांचे प्रमाण नोंदवणे सक्तीचे करावे, प्रश्नावली सुपरवायझरच्या हातून भरून घेतलेली असल्यास तसे स्पष्ट लिहायला लावावे आणि कंपनी सूचीबद्ध असेल तर तिचा बीआरएसआर विद्यार्थ्याने शेजारी ठेवून वाचावा. हे अहवाल कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने गुरुवारी, म्हणजे इकडच्या एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, चाकणजवळच्या खोल्यांमध्ये जाऊन कंत्राटी मुलांशी गप्पा मारल्या. पगाराचा विषय निघेल असे तिला वाटले होते. त्यांनी सर्वांत आधी सांगितले ते हे, की कंपनीच्या बसमध्ये आधी कायम कामगार बसतात आणि जागा उरली तरच यांना चढू देतात. तिच्या छापील प्रश्नावलीत बसविषयी एकही प्रश्न नव्हता.

आपला,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी, चिंचवड