नाकातली नळी आणि मंदिराची पाटी

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारी रात्री साडेअकराला यांच्या नाकातली नळी निसटली. जेवणाची नळी. जबड्याचे ऑपरेशन झाल्यापासून यांचे पोट तिच्यावरच चालते; वरणाचे पाणी गाळून मी दर दोन तासांनी सिरींजने सोडते. बारा किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टर नव्हते. सिस्टर म्हणाल्या, "कॅन्सरच्या पेशंटले आमी हात नाई लावत जी, नागपूरले न्या." दीडशे किलोमीटर, गाडीभाडे साडेचार हजार. तिथे नळी घालायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

ही नळी घालणे नर्सिंगमध्येच शिकवतात ना, साहेब? नागपूरने कापले, रेडिएशनचे शेक दिले, तेही योजनेच्या कार्डावर फुकट. त्याचे उपकार मानते. पण माणूस बाकीचे दिवस घरीच असतो. त्याची जखम धुणे, केमोआधीचे रक्त तपासणे, दुखणे उतरवणे हे गावच्या दवाखान्याने करायचे नाही तर कोणी? योजनेत ऑपरेशन बसते. गाडीभाडे बसत नाही, माझी बुडालेली निंदणाची मजुरी तर नाहीच नाही.

मुळात हे इथवर यायलाच नको होते. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचे तोंड तपासायचे, हा तुमच्याच सरकारी कार्यक्रमातला नियम. आशाताई आली, फॉर्म भरला. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाता? हो. लिहून घेतले. तोंड उघडून पाहिले कोणीच नाही! पुढे यांना तिखट सोसेना, तोंडात दोन बोटे जाईनात. तीनदा केंद्रात गेलो, तीनदा बी-कॉम्प्लेक्स मिळाली. आशाताईला बोल नाही लावत. ती बिचारी स्वतःच्याच मानधनासाठी मोर्चात.

उपकेंद्राला मात्र तुम्ही नवी पाटी दिली. आयुष्मान आरोग्य मंदिर, खाली 'आरोग्यं परमं धनम्'. रंग छान आहे. मंदिर दुपारी बंद होते, रात्री देव झोपतो.

आणि मॉर्फिन, कॅन्सरचे दुखणे उतरवणारी? 2014 साली तिचा कायदा सोपा केला म्हणे. आमच्या केंद्रात पॅरासिटामॉल आहे, भरपूर आहे. रात्री हे उशी चावतात, लेकरांनी ऐकू नये म्हणून. मॉर्फिनच्या चार गोळ्यांसाठीही नागपूरच.

गुटखाबंदी 2012 ची. आमच्या शाळेसमोरच्या पानठेल्यावर या, हवा तो मिळेल, खर्रा तर समोर घोटून देतात. एकट्या आमच्या गावात तोंडाच्या कॅन्सरचे सहा झाले, की सात, मोजतो कोण? मेलेला माणूस कागदावर हृदय बंद पडूनच मरतो. तुमच्यापैकी कोणाला ठसका लागला तर मुंबईचे डॉक्टर धावतात, आणि मत मागायला आमच्याच अंगणात चहा पिता. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाला. आमच्या गावाहून केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्यात पावसाळ्यात रुग्णवाहिका फसते, ट्रॅक्टरने ओढावी लागते.

नळी घालणारा एक माणूस आणि दुखण्याच्या गोळ्या, एवढेच केंद्रात ठेवा. आमच्याकडे गोळ्या अकरा उरल्या, दिवसाला सहा लागतात. यांच्या वरणाच्या पाण्याची वेळ झाली, थांबते.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातली एक शेतकरीण