मामा, तुम्ही कव्हर पुढे सरकवलंत त्याबद्दल

ती. मामा,
सा. न.

बाबांची जुनी गाडी परवा चौघांना घेऊन सगळा चढ चढली, आणि मधे एकदाही अडखळली नाही. फोनवर हे सांगितलं तर तुम्ही ‘बरं झालं’ एवढंच म्हणालात. माझं तेवढ्याने भागत नाही, म्हणून चारचौघांत लिहितेय.

तुमच्याआधी ज्यांनी ज्यांनी बॉनेट उघडलं, त्यांनी कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलले, पॉइंट घासले आणि बिल हातात दिलं. गाडी मिसिंग मारतच राहिली. शेवटी निकाल काय, तर ‘इंजिन गेलंय, भंगारात काढा.’ कशाने गेलं, विचारलं तर ‘तुम्हाला नाही कळायचं ताई.’ तो राग अजून उतरलेला नाही. कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायला असा किती वेळ लागतो! तेवढीही तसदी कुणी घेतली नव्हती.

तुम्ही सुरुवातच तिथून केलीत. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांच्या निम्मासुद्धा नव्हता. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून परत मोजायला लावलंत. काटा तिथेच. ‘पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट भरून आकडा वाढला असता. मग आता बघायचं कुठे?’ ‘व्हॉल्व्ह,’ मी म्हटलं. सिलिंडरची दारंच ती, नीट मिटत नसतील तर दाब सुटणारच.

हेड उतरवणं, व्हॉल्व्ह पेस्ट लावून सीटवर घासणं, ते सगळं इथे सांगत बसत नाही. पण मामींचा पुठ्ठा सांगायलाच हवा. त्यांनी भोकं पाडून नंबर घातले आणि एकेक पुशरॉड (व्हॉल्व्ह हलवणारा दांडा) त्यात खोचून ठेवला. जिथला तिथेच परत बसला.

आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक फट जुळवायचं काम. लॉकनट आवळला की स्क्रू किंचित फिरतो आणि गॅप बदलतो. परत सैल कर, परत आवळ. तुम्ही शेजारी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होतात. तुमच्या हाताने ते काम केव्हाच उरकलं असतं. अंधारून आलं तेव्हा हात पुढे आला तो बॅटरी धरायला. मी तुमच्याकडे पाहिलं, तर म्हणालात, ‘पातं ओढून बघ. तुला काय वाटतं?’

फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पट्टीचं, पातं किंचित धरून सुटत होतं. ‘बरोबर आहे,’ मी म्हटलं. तुम्ही स्वतः तपासून पाहिलं नाहीत. सरळ टॅपेटवर बसवायचं कव्हर माझ्यापुढे सरकवलंत.

मामा, तेवढ्यासाठी हे पत्र. ज्याला काम येतं त्याने शिकणाऱ्यावर असा भरवसा टाकणं मी फार कमी पाहिलंय. काम करून देणारे पुष्कळ भेटतात, दुसऱ्याला येईपर्यंत थांबणारी माणसं फार थोडी. अशी माणसं आहेत म्हणून ही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

आता वॉटर पंपाखाली ओल दिसतेय. रेडिएटर रिकामा करून पंप खोलून ठेवते. रविवारी मामींना घेऊन या.

तुमची भाची