काकू, लेन्स रविवारी परत आणते, पण त्याआधी हे वाचा

काकू, तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चल चल, चहा टाकते" म्हणून उठून जाता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता उठून जाऊन दाखवा.

तर मंडळी, आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या गल्लीत या काकू राहतात. काकांचा फोटो स्टुडिओ होता, ग्वाल्हेरच्या निम्म्या मराठी घरांतले लग्नाचे अल्बम तिथलेच असतील. काका गेले, स्टुडिओ बंद झाला, आणि मला इतकी वर्षं वाटायचं की काकू म्हंजे फक्त काकूच, मस्त पुरणपोळी करणाऱ्या. जानेवारीत शिवपुरीला माधव नॅशनल पार्कला जायचं ठरलं तेव्हा सहज म्हटलं की काकू माझ्याकडे कॅमेरा आहे पण लांबची लेन्स नाही, तर त्या आत गेल्या आणि गव्हाच्या कोठीशेजारच्या स्टीलच्या डब्यातून, जुन्या सुती साडीच्या फडक्यात गुंडाळलेली, 300 एमएमची निकॉन लेन्स काढून माझ्या हातात दिली. सव्वा किलोच्या वर वजन. काकांनी ती रूपसिंग स्टेडियमवरच्या मॅचेससाठी घेतलेली (2010 च्या सचिनच्या 200 वाल्या मॅचला त्यांना पासच मिळाला नव्हता, ही कथा अख्ख्या गल्लीला पाठ आहे).

घरी येऊन कॅमेऱ्याला लावली तर स्क्रीनवर एरर. एफईई. एका दुकानात दाखवली, तो म्हणाला मॅडम ये तो कबाड़ है, नई ले लो, आणि लगेच किमती सांगायला लागला. मी रडवेली होऊन परत तुमच्याकडे आले, तुम्ही चष्मा लावला, लेन्सवरची, उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी अ‍ॅपर्चरची रिंग शेवटच्या नारिंगी 32 पर्यंत फिरवून लॉक केली, झालं! एरर गायब. "काकांच्या फिल्मच्या कॅमेऱ्यातही हेच यायचं." अर्ध्या मिनिटाचं काम हो. मग कळलं की माझ्या कॅमेऱ्यात फोकसची मोटरच नाही, या जुन्या लेन्सला ती कॅमेऱ्यातून लागते, म्हंजे फोकस हाताने करावा लागणार. मी म्हटलं मग राहू दे. तुम्ही म्हणालात, "राहू दे काय? आम्ही काय पायाने करत होतो?"

त्यानंतरचे 4 दिवस संध्याकाळी गच्चीवर जी शिकवणी झाली ती फी देऊनसुद्धा कुठे मिळाली नसती. समोरच्या पिंपळावरच्या माकडांवर प्रॅक्टिस. आधी डोळा, मग बाकीचं जनावर. डोळा शार्प नसेल तर फोटो फेकायचा, शेपूट कितीही छान आली असली तरी. शटरचा वेग 500 च्या, म्हंजे 1/500 सेकंदाच्या, खाली न्यायचा नाही कारण 300 ची लेन्स हाताचा जरासा थरथराट पण मोठा करून दाखवते. आणि ते उजेड मोजणाऱ्या मीटरचं प्रकरण, जे मला नेटवर 10 व्हिडिओ बघून कळलं नव्हतं, ते तुम्ही अंतरपाटावरून समजावलंत. कॅमेऱ्याला सगळं जग मधल्या राखाडी रंगाचं वाटतं, पांढराशुभ्र अंतरपाट समोर आला की कॅमेरा घाबरून उजेड कमी करतो आणि नवरा-नवरीची तोंडं काळी पडतात, म्हणून तिथे एक स्टॉप जास्त उघडायचं, म्हंजे दुप्पट उजेड आत घ्यायचा. "पाण्यावर ऊन असेल तेव्हा पाणी म्हंजे अंतरपाट समज." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

पिशवी राहिलीच की. जुन्या जीन्सच्या पायाची उशी शिवलीत आणि त्यात 2 किलो मोहरी भरलीत, आपल्याकडे भिंड-मुरैन्याची मोहरी काय कमी आहे. जिप्सीच्या दांड्यावर ती ठेवली की लेन्स तिच्यात अशी बसते की स्टँडची गरजच नाही, फक्त ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगायचं. एका कोपऱ्याची शिवण उसवली बरं का, गाडीभर मोहरी झाली आणि गाइड म्हणाला, "दीदी, जंगल में सरसों बो रही हो क्या?"

पहाटे 4 ला निघालो, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तुमचीच. वाटेत धुकं इतकं की ट्रकचे मागचे लाइट अंगावर आल्यावर दिसायचे. पार्कातही पहिला तास पांढरा पडदा, करधईची झाडं नुसती काड्यांसारखी, चितळ दिसले पण फोटोत राखेचे ठिपके. सगळ्या गाड्यांना वाघ हवा होता. 2023 मध्ये तिथे वाघ परत आणून सोडले, 2025 ला टायगर रिझर्व्ह झालं, तेव्हापासून चितळाकडे कोणी ढुंकून बघत नाही. टेकडीवर ते जॉर्ज कॅसल आहे ना, शिंद्यांनी पंचम जॉर्जसाठी बांधलं आणि तो मुक्कामाला आलाच नाही असं सांगतात, आमच्या वाघाने पण तेच केलं.

10 नंतर ऊन पडलं आणि सख्यासागर तलावाच्या काठाला मगर. आधी ओंडकाच वाटला. तोंड उघडं टाकून पडलेली, अंगातली उष्णता सांभाळायला त्या असं करतात. बाकीची माणसं पुढे चला पुढे चला करायला लागली, मी गाइडला हात जोडून 5 मिनिटं मागितली. इंजिन बंद, मोहरी दांड्यावर, मागे चकाकतं पाणी, म्हटलं अंतरपाट! एक स्टॉप वर. पहिले 20-25 फोटो वाया, दातांवर फोकस, पाण्यावर फोकस. मग श्वास सोडून फोकसची रिंग केसभर फिरवली आणि तो डोळा आला काकू, सोनेरी पिवळा, मधे उभी काळी चीर.

दिवसभरात 400 वर फोटो, धड आले 11. रात्री घरी आल्यावर हीटरच्या खोलीत लगेच बॅग उघडू नकोस, थंड काचेला घाम सुटतो, हेही लक्षात होतं, सकाळीच उघडली.

फोटो दाखवला तेव्हा तुम्ही भिंग मागितलंत. मोबाइलवर झूम करून देते म्हटलं तर नको, भिंगच. बराच वेळ बघून म्हणालात की नवरीच्या डोळ्यातला उजेडाचा तो पांढरा ठिपका पुसट आला असेल तर मी बारीक ब्रशने लावायचे, इथे तो आपोआप आलाय. मग सहज सांगत गेलात, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून डाग घालवणं, डार्करूममध्ये रात्री 2-2 वाजेपर्यंत प्रिंट धुणं, लग्नसराईत हातांना सारखा हायपोचा, म्हंजे प्रिंट धुवायच्या रसायनाचा, वास. हे सगळं तुम्ही करत होता. माझ्या आईच्या लग्नाचा अल्बम मी काल परत काढला, आईचे डोळे बघितले. प्रत्येक पानामागे स्टुडिओचा शिक्का आहे आणि काकांचं नाव. काकांबद्दल काही म्हणणं नाही माझं, पण तुमचं नाव कुठेच नाही.

प्रिंट टाकायला दिलीय, 12 बाय 18, मॅट. रविवारी लेन्ससोबत आणते, मोहरीची पिशवी पण (शिवण मीच घातलीय, हसायचं नाही). तुमच्याकडे तो जुना रबरी शिक्का अजून असेल ना? प्रिंटच्या मागे तो मारू, आणि खाली पेनने तुमचं नाव तुम्ही लिहायचं. शाईचा पॅड वाळला असणार, येताना नवा घेऊन येते.