रविवारच्या टेबलावरच्या दादाला, मनापासून थँक यू

प्रिय दादा,

समोर सांगायला गेले की तू "अगं त्यात काय एवढं" म्हणतोस आणि पत्ते पिसायला घेतोस, म्हणून हे लिहूनच टाकतेय. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण आपल्या पुण्यात मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळणारे तसे मोजकेच, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तुझ्यासारखं कुणीतरी भेटावं असं मला फार वाटतं.

मी पहिल्यांदा रामवाडीहून मेट्रोने नळ स्टॉपला उतरून त्या वरच्या मजल्यावरच्या टेबलापाशी आले तेव्हा माझ्या डब्यात ७१ पत्ते होते. पॉपर खेळायचं ठरवलं होतं, म्हणजे सगळे कॉमन पत्ते, कॉलेजच्या पॉकेटमनीत तेवढंच बसतं. त्याआधी एका ठिकाणी मला सांगितलं गेलं होतं की कॉम्बो डेक, म्हणजे दोन-तीन पत्ते जुळले की गेम संपवणारा पत्त्यांचा संच, नवख्यांनी करू नये, आधी साधं क्रीचर, म्हणजे लढणारा पत्ता, टाकून मारायला शीक. तू मात्र डबा उघडलास, एकेक पत्ता टेबलावर मांडलास आणि फक्त विचारलंस, "तुला यातलं काय आवडतं?"

मला आवडायचा तो कॉम्बो म्हणजे भिंतींचा, म्हणजे डिफेंडरचा, हल्ला न करता फक्त अडवणाऱ्या क्रीचरचा. अ‍ॅक्सबेन गार्डियन टॅप केला, म्हणजे आडवा केला, की आपल्याकडे जितके डिफेंडर तितका माना, म्हणजे पत्ते टाकायला लागणारी ताकद, मिळतो, कुठल्याही रंगाचा. त्यावर फ्रीड फ्रॉम द रिअल लावलं की एक निळा माना देऊन तो परत अनटॅप होतो, म्हणजे उभा. तीन डिफेंडर असले तर टॅप करून तीन माना, एक देऊन गार्डियन परत उभा, दोन शिल्लक, परत टॅप, परत उभा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती मला.

पण आवडणं वेगळं आणि डेक चालणं वेगळं. पहिल्याच गेममध्ये मी फ्रीड लावलं ओव्हरग्रोन बॅटलमेंटवर, कारण तीही डिफेंडर मोजूनच माना देते. तू शांतपणे विचारलंस, "निळा कुठून आणणार?" बॅटलमेंट फक्त हिरवा देते! पत्ता मी पन्नास वेळा वाचला असेल, पण तो एक हिरवा गोल कधी नीट बघितलाच नव्हता. तू हसला नाहीस, माझा टर्न मागे घेऊ दिलास आणि म्हणालास, आता परत वाच, मोठ्याने.

मग ते ७१ चे ६० करणं. मला एकही पत्ता काढवत नव्हता, प्रत्येकाला माझ्याकडे कारण होतं. तू वाद घातला नाहीस, चौकटीच्या वहीचं पान फाडलंस आणि गणित मांडलंस की ६० पत्त्यांत एखाद्याच्या चार प्रती असल्या तर पहिल्या सात पत्त्यांत निदान एक येण्याची शक्यता ४० टक्के, ७१ मध्ये तीच ३५ च्या खाली. आणि दोन्ही तुकडे, म्हणजे गार्डियन आणि फ्रीड, चार-चार ठेवूनही पहिल्या दहा पत्त्यांत मिळतात चारातून एखाद्याच वेळी, साधारण २६ टक्के. म्हणजे उरलेले पत्ते "छान आहेत" म्हणून नाही, हे दोन शोधून देतात किंवा तोवर जिवंत ठेवतात म्हणून राहणार. त्या दिवशी अकरा पत्ते काढले आपण. मला रडू यायचं बाकी होतं, खरंच.

वाइंडिंग वे या पत्त्याचं प्रकरण तर तुझ्याशिवाय मला वर्षभर कळलं नसतं. वरचे चार पत्ते उघडायचे, त्यातले सगळे क्रीचर हातात, मला वाटायचं याहून भारी काय असणार, पण बाकीचे ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात, जातात आणि मी फ्रीड दोनच ठेवलं होतं, एकदा एकाच झटक्यात दोन्ही गेली. तू म्हणालास, घरी चाळीस वेळा एकटीनेच हात काढून खेळ आणि प्रत्येक वेळी काय अडलं ते लिहून ठेव. मी लिहिलं. फ्रीड चार झालं, त्याची जागा करायला दोन इन्व्होकर, म्हणजे शेवटी त्या मानावर डॅमेज करणारे पत्ते, गेले, एकच राहिला.

पण ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते वेगळंच आहे. सलग तीन रविवार तू तुझा आवडता डेक घरी ठेवून फक्त माझ्यासाठी लाल डेक आणलास. प्रत्येक वेळी मी गार्डियनवर फ्रीड टाकलं की तू एक माउंटन, म्हणजे लाल माना देणारा जमिनीचा पत्ता, आडवा करायचास, लाइटनिंग बोल्ट, तीन डॅमेज, गार्डियन ०/३, म्हणजे तीन डॅमेजलाच मरणारा, संपला. टार्गेटच गेलं म्हणून फ्रीडही ग्रेव्हयार्डमध्ये. तुझ्या एका पत्त्यात माझे दोन. तिसऱ्या रविवारी मी पत्ते गोळा करायला लागले तर तू हात ठेवलास आणि म्हणालास, "हातात आहे म्हणून टाकायचं नसतं गं, थांब."

मग तू स्प्लिंटर ट्विनची गोष्ट सांगितलीस. मॉडर्न या खेळप्रकारात तिसऱ्या टर्नला एक्झार्क हे क्रीचर, चौथ्याला त्यावर ट्विन आणि गेम संपला, म्हणून समोरचा तिसऱ्या-चौथ्या टर्नपासून माना उभा ठेवूनच खेळायचा, स्वतःचे पत्ते नीट टाकताच यायचे नाहीत त्याला. जानेवारी २०१६ मध्ये ट्विन बॅन झाला आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये परत आला. कॉम्बो न करताही कॉम्बोची भीती काम करते, हे मला तेव्हा कळलं, आणि त्या दिवसापासून माझा डेक बदलला नाही, माझं खेळणं बदललं.

गेल्या रविवारचा गेम तुला आठवत असेलच. दोन गार्डियन टेबलावर, फ्रीड हातात, तुझा एक माउंटन उभा. मी बॅटलमेंट टाकली, मग आणखी एक, आणि पास म्हणाले. तू माझ्याकडे बघितलंस. माझा टर्न परत आला आणि सुरुवातीलाच तू बोल्ट पहिल्या गार्डियनवर मारलास, माउंटन आडवा झाला, दुसरा गार्डियन उभाच होता. तेव्हा फ्रीड टाकलं. भिंती हल्ला करत नाहीत त्यामुळे तुझं लाइफ पूर्ण २०.

"अनंत म्हणून चालणार नाही, आकडा सांग," तू म्हणालास.

मी घरी आधीच काढून ठेवला होता. तीन डिफेंडर, २८ वेळा अनटॅप, मग शेवटचं एकदा टॅप, ५९ माना. तीन माना व्हलाकुट इन्व्होकर टाकायला, उरलेल्या ५६ मध्ये आठ-आठचे सात झटके, प्रत्येकी तीन डॅमेज. तू पेन्सिल घेऊन सगळं पडताळलंस, पूर्ण, एकही पायरी न सोडता, आणि मग "बरोबर" म्हणालास. बाकी काही नाही बोललास पण माझा हात थरथरत होता रे.

ते चौकटीचं पान अजून माझ्या डब्यात आहे, घडीवर फाटत आलंय, मागून सेलोटेप लावलीये. तू वापरायला दिलेले चार गार्डियन मात्र तुझेच आहेत, माझे परवा पोस्टाने आले, तुझे येत्या रविवारी नवीन स्लीव्हमध्ये घालून आणते. आणि लाल डेक घेऊन ये प्लीज, अजून निळे पत्ते मारणाऱ्या पायरोब्लास्टचं काय करायचं ते बघायचंय, फ्रीड निळं आहे ना.

तुझी,
भिंतीवाली