निकाली कुस्ती आणि मैदान मोकळं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत हॅरी पॉटरच्या शेवटच्या सिनेमावरचा लेख वाचला. नवीन सिरीज यायलीय म्हणून जुन्या आठवणी काढल्या ते बरं केलं, पण त्यात दोन गोष्टी लिहिल्यात. एक म्हणजे फॅन लोकांना कितीही द्या, ते रडतच असतात. आणि दुसरी, सिनेमाचा शेवट पुस्तकाबरहुकूम आहे तरी लोक कुरकुरतात. पहिल्या गोष्टीवर माझं काही म्हणणं नाही, आम्ही रडतो, कबूल. दुसरी मात्र साफ चूक आहे, आणि ती छापून आल्यापासून मला चहा गोड लागंना झालाय, म्हणून हे पत्र.

मी पतसंस्थेत कॅशियर आहे, म्हणजे हिशेब जुळला नाही की घरी जाता येत नाही, सवयच तशी. या सिनेमाचा हिशेब माझा 2011 पासून जुळलेला नाही.

तारीख 15 जुलै 2011, शुक्रवार. त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती हे पक्कं आठवतंय, कारण सकाळी कॉलेजात सरांना फुलं देऊन आम्ही पाच मुली तशाच थेटरात जायच्या बेतात होतो. पण दोनच दिवस आधी, 13 तारखेला, मुंबईत बॉम्बस्फोट झालेले, टीव्हीवर सारखं तेच, आणि आईनं एकदम फर्मान काढलं की गर्दीच्या ठिकाणी अजिबात जायचं नाही. रडारड झाली. शेवटी आबा म्हणाले मी जातो पोरींबरोबर, आणि अशा रीतीनं ज्या माणसानं हॅरी पॉटरचं एक पान वाचलेलं नाही तो माणूस आमच्या रांगेत कोपऱ्याच्या सीटवर, मांडीवर ओली छत्री घेऊन, आठवा भाग बघायला बसला. आबा तरुणपणी तालमीत जायचे, पुढं गुडघा गेला, पण कुस्तीचं मैदान असलं की आजही घरात सापडत नाहीत. हे पुढं लागणाराय म्हणून सांगितलं.

आम्हा पाच जणींत शेवटचं, सातवं पुस्तक एकच होतं, त्याचेच पुढं दोन सिनेमे केले, सातवा आणि आठवा. 21 जुलै 2007 ला इंग्रजीत आलं, मैत्रिणीच्या दादानं पुण्याहून आणलं, आणि ते एक पुस्तक पाच घरांत फिरलं, प्रत्येकीला चार दिवस. माझ्या वाट्याला आलं तेव्हा त्यात भडंगाचे दाणे आणि हळदीचं एक बोट होतं. त्याआधी मी पहिला भाग मराठीत वाचलेला, 'हॅरी पॉटर आणि परीस', त्यामुळं इंग्रजी वाचताना डोक्यात सगळे मराठीतच बोलायचे. सांगायचं काय, तर सिनेमा बघायला गेलो तेव्हा शेवट आम्हाला तोंडपाठ होता, काय होणार हे बघायला कुणीच गेलं नव्हतं, कसं दाखवलंय ते बघायला गेल्तो.

आणि दाखवलं भारी, खोटं कशाला बोलू. हिंदी डबिंगवाला शो होता, लढाई जरा कुठं पेटली तोवर इंटरव्हल मारलं, नेमकं नको तिथं, थेटरवाल्याला पोरांनी शिव्या घातल्या, पण परत दिवे गेल्यावर कुणी हाललं नाही. स्नेपच्या, म्हणजे हॅरीच्या त्या खडूस मास्तरच्या, आठवणींचा भाग आला तेव्हा शिट्ट्या मारणारी मागची रांगसुद्धा गप. स्नेपचं काम अॅलन रिकमननं जे केलंय ते पुस्तकापेक्षा कांकणभर सरसच आहे असं मी आजही म्हणते, आणि तो 2016 ला गेला तेव्हा मी काउंटरवर बसून रडलेय, एका खातेदारानं विचारलं घरचं कोण वारलं का. आता त्यातपण फॅन लोकांनी खुसपट काढलंच, की अख्ख्या आठ सिनेमांत तुझे डोळे आईसारखे आहेत म्हणून घोकलं आणि त्या आईचे, लहानपणीच्या लिलीचे, डोळे तपकिरी, हॅरीचे निळे, पुस्तकात दोघांचे हिरवे. हे खुसपट मला मान्य आहे. एवढं एकच तर जुळवायचं होतं!

मॉली विझ्ली, हॅरीच्या मित्राची, रॉनची आई, पोरीच्या पुढ्यात उभी राहून व्होल्डेमॉर्टच्या टोळीतल्या बेलाट्रिक्सला आडवी करते तिथं तर थेटर डोक्यावर घेतलं लोकांनी. आबा पहिल्यांदाच बोलले, "ही बाई आपल्याकडचीच दिसतीया."

मग आला शेवट. हॅरी आणि त्याचा वैरी, तो दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्ट, एकमेकांना धरून बुरुजावरून खाली काय पडतात, किल्लाभर भिरभिरतात काय, आणि शेवटी मोकळ्या अंगणात, आसपास चिटपाखरू नाही, दोघंच. जादूच्या काठ्यांतनं लाल-हिरवा उजेड, आणि व्होल्डेमॉर्टचे जळक्या कागदासारखे पापुद्रे होऊन हवेत उडून गेले. हॅरी एकटा उभा. मग तो आत जातो, लोक जखमा बांधत, चहापाणी घेत बसलेत, कुणी त्याच्याकडं बघून हसतं, हॅग्रिड मिठी मारतो, झालं.

आबांनी माझ्याकडं वळून विचारलं, "मेला म्हणायचं का उडून गेला?"

मी म्हटलं मेला.

"बघितलं कुणी? पंच कोण?"

अहो संपादकसाहेब, या दोन प्रश्नांत सगळी तक्रार आली. आबांना काही माहिती नव्हतं, तरी नेमकं तिथंच बोट ठेवलं, कारण पुस्तकात तो शेवट अगदी निकाली कुस्तीसारखा लिहिलाय. शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये, पहाटे, जगले-वाचलेले सगळे भिंतीला लागून उभे, मधी जागा मोकळी, आणि दोघं एकमेकांभोवती गोल गोल फिरतायत, खडाखडी चाललीय, कोण कधी हात घालतोय म्हणून सगळ्यांचा श्वास अडकलेला. आणि फिरता फिरता हॅरी बोलतो. चारचौघांदेखत त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारतो, टॉम रिडल म्हणून. स्नेप कुणाचा माणूस होता ते सांगतो. मालकाला हरवेल त्याचीच होणारी ती बलाढ्य काठी तुझी का नाही, हेडमास्तर डंबलडोरच्या हातून ती ड्रेकोनं, वर्गातल्याच पोरानं, उडवली आणि ड्रेकोला मी हरवलं, हा सगळा डाव आधी उलगडून सांगतो आणि मग खेळतो. ऊन छतावर येतं, दोघं एकदमच मंत्र टाकतात, आणि व्होल्डेमॉर्ट पडतो. उडत-बिडत नाही. साध्या माणसासारखा जमिनीवर पडतो, मढं राहतं, लोक ते उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवतात, आपल्या माणसांच्या शेजारी ठेवायचं नाही म्हणून.

खासबागेत फायनलची कुस्ती लावली, हलगी घुमायली, आणि दोन्ही पैलवान मैदानामागच्या बोळात जाऊन लढले आणि त्यातला एक येऊन म्हणाला मी जिंकलो, तर शाहू महाराजांनी एवढं मैदान बांधलं कशाला असं लोक विचारतीलच की.

काठीचं ते स्पष्टीकरण सिनेमात आहे, नाही असं नाही. पण सगळं उरकल्यावर, पुलावर उभं राहून, दोस्तांना, रॉन आणि हर्मायनीला. म्हणजे चीतपट झाल्यावर डाव समजावून सांगायचा. शत्रूच्या तोंडावर सांगण्यात जो काटा येतो तो गेला.

आणि मढ्याचा मुद्दा हा काही हौसेचा नाही. पहिल्या वेळी, हॅरी तान्हा असताना, व्होल्डेमॉर्ट असाच नाहीसा झालता. मढं सापडलं नव्हतं. म्हणून तर हॅग्रिड पहिल्याच पुस्तकात सांगतो की तो मेलाय यावर माझा काय विश्वास नाही. पुढं चौथ्या भागात तो परत येतो ते हॅरी स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, बाकी साक्षीला असतात ते सगळे त्याचेच गुंड, आणि पाचवा अख्खा भाग त्या पोराला खोटारडा ठरवण्यात जातो, सरकार ठरवतं आणि तिथला पेपरपण ठरवतो (राग मानू नका, तिथला पेपर म्हटलं मी). एकट्यानं बघितलेलं कुणी मानत नाही, हे हॅरीइतकं कुणी भोगलेलं नाही. अशा पोराला शेवटचा विजय पुन्हा एकट्यानंच बघायला लावायचा आणि पुरावा म्हणून चिमूटभर राखपण ठेवायची नाही? उद्या कुणी म्हणालं तो परत येणाराय, तर हॅरीनं काय दाखवायचं?

बेलाट्रिक्सचंपण तेच, तिचे तुकडे तुकडे. वाईट माणसं सिनेमात मेली की त्यांचा चुरा होतो, चांगल्यांची मात्र प्रेतं ओळीनं ठेवलेली. आणि फ्रेड, रॉनचा भाऊ, कसा मेला ते तर दाखवलंच नाही, पुस्तकात तो भावाच्या शेजारी हसता हसता जातो, सिनेमात एकदम आडवा पडलेलाच दिसतो. आमच्यातली एक त्यावर अजून बोलत नाही.

दुसरी तक्रार काठीची. व्होल्डेमॉर्टची ती बलाढ्य काठी हॅरी मोडून दरीत फेकतो, टाळ्या पडल्या, मला पण क्षणभर बरं वाटलं. पण पुस्तकात तो आधी त्याच काठीनं स्वतःची मोडलेली जुनी काठी दुरुस्त करतो, अकराव्या वर्षी घेतलेली. जिंकलेली गदा नको, माझी जुनी लंगोट बरी, असा तो माणूस. सिनेमात त्याची काठी सातव्या भागात मोडली ती मोडलीच. हिशेबात एवढी मोठी एंट्री राहिली आणि कुणाच्या लक्षात नाही?

एकोणीस वर्षांनंतरच्या स्टेशनच्या सीनवर फार बोलत नाही. तो त्यांनी एकदा शूट केला, जमला नाही म्हणून परत केला, तरी विशी-एकविशीच्या पोरांना मिशा-दाढ्या लावून बाप केलेलं बघून थेटर हसलंच. पण ते हसू मायेचं होतं, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरगं म्हातारा झालं की आपण हसतो तसं.

सिनेमावाल्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. पुस्तक दोन भागांत तोडून पण हा भाग 130 मिनिटांचाच, मालिकेतला सगळ्यात छोटा, आणि दोन माणसं गोल फिरत पाच मिनिटं नुसती बोलतायत हे पडद्यावर रटाळ होईल अशी भीती वाटली असणार. उलटं पण होतं की, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा भाग 2003 ला आला, अकरापैकी अकरा ऑस्कर घेतली, आणि तरी लोक म्हणाले हा सिनेमा संपतच नाही, एक शेवट झाला की दुसरा. आणि धंद्याचं म्हणाल तर पॉटरच्या या शेवटच्या भागानं 130 कोटी डॉलरच्या वर कमावले, त्या वर्षी जगात एक नंबर, तेव्हा आमच्या कुरकुरीनं कुणाचं काय बिघडलं? कोल्हापुरात फुटबॉलची मॅच जिंकून पण पेठेतली पोरं रात्री कट्ट्यावर दुसऱ्या हाफमधला चुकलेला पास काढून भांडत बसतात, त्यांना कोण म्हणतं का तुम्ही रडके म्हणून?

गेल्या महिन्यात भाच्याबरोबर परत बघितला. वय वर्षं अकरा. त्याला पापुद्रे लई आवडले, "मावशी, इफेक्ट कसला काटा किर्र आहे!" मी काही बोलले नाही, कपाटातनं ते हळदीच्या बोटाचं पुस्तक काढलं (पाच जणींनी चिठ्ठ्या टाकल्या, माझी निघाली) आणि हॉलमधला भाग त्याला मराठीत सांगत वाचला. आबा पेपर वाचायलेत असं दाखवत ऐकत होते. मढं उचलून दुसऱ्या खोलीत नेतात तिथं पोचले तसे चष्मा काढून म्हणाले, "मग हे दाखवायचं सोडून ते राख कशाला उडवत बसले?" भाचा म्हणाला आजोबा, पिक्चरमध्ये तसंच भारी दिसतं. त्यावर दोघांची जी जुंपली ती जेवणापर्यंत.

तेव्हा पुस्तकाबरहुकूम हा शब्द तेवढा पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापावा ही विनंती. रडके हा शब्द राहू दे.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

ता. क. लेखासोबत छापलेला फोटो शेवटच्या भागातला नाही, चौथ्यातला आहे. हॅरीचे केस मानेपर्यंत वाढलेत बघा.